तपकीर आणि वीस मिनिटं

घड्याळजींचं एक म्हणणं होतं, आणि ते ऐकायचं राहिलेला माणूस गावात नव्हता. म्हणणं असं, की जगात बिघडलेली वस्तू नसतेच; नीट उघडून न पाहिलेली वस्तू असते. दुकानात कुणी बंद घड्याळ घेऊन आलं की ते डोळ्याला भिंग चढवायचे, मागचं झाकण काढायचे आणि गिऱ्हाइकाकडे न बघता विचारायचे, "कुणी पाडलं?" गिऱ्हाईक निम्मं तिथेच गारद व्हायचं.

पुराव्यादाखल ते दुकानाबाहेर बोट दाखवत. दाराच्या वर, रस्त्याच्या बाजूला, परातीएवढं एक घड्याळ भिंतीत बसवलेलं होतं. यंत्र दुकानाच्या आत, तबकडी आणि काटे बाहेर, त्यावर बिजागरीची काच. दर सोमवारी आतून किल्ली द्यायची, संपलं. "वीस वर्षं झाली," घड्याळजी सांगत, "बाहेरून शिडी लावून काट्याला हात लावायची वेळ आलेली नाही. मिनिटाचा फरक नाही." दुकानातली सगळी घड्याळं ते त्याच्यावर लावत, आणि दुरुस्तीला आलेली घड्याळं तीच वेळ घेऊन घरोघर परत जात.

अलीकडे मात्र इतरांचं काहीतरी बिनसत चाललं होतं. रेडिओवरच्या बातम्या लवकर लागायला लागल्या होत्या. शाळेची घंटा लवकर व्हायची. आगगाडीसुद्धा शिट्टी लवकर मारायची. "सगळ्यांना हल्ली घाई," घड्याळजी म्हणत आणि भिंग डोळ्याला चढवत.

तर अशा माणसाने घोडीला महिनाभरात सरळ करतो असं जाहीर केलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. त्यांची बायको तेवढी शिवणयंत्रावरून मान वर करून म्हणाली, "अहो, तिला मागचं झाकण नसतं."

घोडी दादांची. दादा म्हणजे घड्याळजींचे थोरले भाऊ. पहाटेच्या आगगाडीने दुधाचे कॅन यायचे, दादा ते स्टेशनवरून गाडीत चढवायचे आणि घरोघर दूध घालत परत यायचे. शेवटची वीस वर्षं गाडीला हीच घोडी होती. रंगावरून नाव पडलं तपकीर. कपाळावर पांढरा ठिपका, आणि चालताना जरा डावीकडे मान. शेजाऱ्यांच्या खिडकीत डोकावल्यासारखी. घड्याळजींचं तरुणपण त्या टापांच्या आवाजावर जागं झालेलं होतं. अंथरुणात पडल्या पडल्या टापा ऐकू यायच्या, मग कॅनचं झाकण, मग पुढच्या दारी मापाचा आवाज, मग दादांचं खाकरणं. तेव्हा त्यात ऐकण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी दादा गेले. दूध आता बाटल्यांतून वाण्याच्या दुकानात यायला लागलं, आणि तपकीर दादांच्या घरामागच्या तबेल्यात नुसती उभी राहायला लागली. वहिनींना त्यांच्या लेकीनं कायमचं आपल्याकडे बोलावलं होतं. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. घोडी काही तिसऱ्या मजल्यावर नेता येत नव्हती.

वीटभट्टीवाल्यानं तिला मागितलं होतं. भट्टीवर घोडी कशी राबते आणि किती दिवस टिकते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यावर कुणी बोलत नव्हतं. घड्याळजी मात्र एका संध्याकाळी वहिनींच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तपकीर मी ठेवतो."

वहिनींनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. हा दीर जन्मात कधी घोड्याच्या दोन हातांच्या आत गेला नव्हता. एकदा लहानपणी दादांनी त्याला पाठीवर बसवलं होतं, तर तो दुसऱ्या बाजूने उतरून घरी निघून गेला होता.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ठेवून ठेवाल, पण चालवणार कोण? उभी राहून राहून मरेल ती. त्यापेक्षा असं करू. पुढच्या महिन्यात मी निघणार, दहा चाळीसच्या गाडीनं. तुम्ही मला तपकिरीच्या गाडीतून स्टेशनवर पोचवा. पोचवलंत तर घोडी तुमची. नाही पोचवलंत तर भट्टीवाला तिथेच थांबलेला असेल."

"त्यात काय," घड्याळजी म्हणाले.

त्यात काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. वहिनींच्या घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता हा दादांचाच दुधाचा रस्ता होता, आणि त्यावर त्रेचाळीस दारं होती. घड्याळजींनी गाडी जोडली, चल म्हणाले, तपकीर चालली आणि पहिल्या दारापाशी थांबली. ते घर शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचं. अर्धा लिटर मापायला जितका वेळ लागतो तितका वेळ तपकीर थांबली, मग आपली आपण निघाली. दुसऱ्या दारी कंपाउंडर. तिथे लिटर होता, म्हणून दुप्पट थांबली. घड्याळजींनी आर्जवं केली, दटावलं, खाली उतरून ओढलं. तपकिरीनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी जुनी मोलकरीण नव्या सुनेकडे पाहते. सातव्या दारी त्यांनी हात टेकले आणि गाडी वळवली. परत येताना ती त्याच सात दारांशी पुन्हा थांबली.

घरी आल्यावर बायकोनं हातपाय धुवायला पाणी दिलं आणि "सापडलं का झाकण?" एवढंच विचारलं. त्याचाच त्यांना जास्त राग आला.

गावाबाहेर मैदानाला लागून एक आवार होतं आणि त्याच्या मधोमध भिंत. भिंतीच्या अलीकडे फौजी राहायचा, पलीकडे मास्तर. फौजी घोडदळातून निवृत्त झालेला. मास्तर आधी शाळेत शिकवायचे, मग घोड्यांकडे वळले. दोघे साडू. एके काळी दोघांनी मिळून घोडे शिकवायचं काम सुरू केलं होतं. मग एका घोड्यानं त्याच्या मालकाला चावा घेतला. फौजी म्हणाला चूक घोड्याची, मास्तर म्हणाले चूक मालकाची, आणि आवारात भिंत आली. तो घोडा गेला, तो मालकही गेला, भांडण तेवढं धडधाकट होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्या भिंतीवरून दिवसभर गप्पा मारायच्या. नवरे एकमेकांचं नावही घेत नसत.

फौजीच्या फाटकावर पाटी होती: "घोडा सोडून जा. महिन्यानं घेऊन जा. मध्ये येऊ नका." मास्तरांच्या फाटकावर होती: "घोडा घरी ठेवा. स्वतः या."

घड्याळजींनी दोन्ही पाट्या वाचल्या आणि कारागिराच्या डोक्यानं विचार केला. घड्याळ मागे पडत असेल तर नुसती स्प्रिंग बदलून भागत नाही, लंबकही बघावा लागतो. दोन्ही बाजूंनी दुरुस्ती केली तर कसर राहायचं कारण नाही. त्यांनी तपकीर फौजीकडे सोडली, आवाराला वळसा घालून पलीकडच्या फाटकातून आत शिरले आणि स्वतःला मास्तरांकडे भरती केलं. कुणालाच काही बोलले नाहीत. दोघी बहिणींना दुसऱ्याच दिवशी सगळं कळलं होतं, पण घरात शांतता असावी म्हणून त्याही गप्प बसल्या.

आता ह्यात घोटाळा काय झाला तो सांगतो. फौजीची रीत घोडदळातली. लगाम सैल पडला म्हणजे स्वार खाली उतरला, तेव्हा घोड्यानं जागेवर खांबासारखं उभं राहायचं. लगाम ताणला म्हणजे स्वार तयार आहे, निघायचं. जितका ताण जास्त तितका वेग जास्त. तपकीर जुनी असली तरी हुशार. पंधरा दिवसांत तिनं ते उचललं. फौजी तिला मैदानात फिरवायचा. मैदानात दारं नव्हती, त्यामुळे ती थांबायचीही नाही, आणि फौजी मिशीवरून हात फिरवायचा.

त्याच वेळी भिंतीच्या पलीकडे मास्तर घड्याळजींना अगदी उलटं शिकवत होते. घोडं म्हणून मास्तर स्वतःच पुढे उभे राहायचे. लगामाची टोकं मास्तरांच्या खांद्यावर, दुसरी बाजू खुर्चीत बसलेल्या घड्याळजींच्या हातात. "मी घोडी," मास्तर म्हणायचे, "चालवा मला."

"चल," घड्याळजी म्हणायचे.

मास्तर जागचे हलायचे नाहीत. "तुम्ही आत्ता मनात काहीतरी वाईट बोललात. मला कळलं." मग ते वळून समजवायचे. घोडी थांबली की माणूस लगाम आवळतो, आणि तिथेच चुकतं. थांबली तर लगाम सैल सोडा, श्वास सोडा, खांदे पाडा. तिला वाटू द्या की निघायचं तिनंच ठरवलंय. थांबवायचं असेल तेव्हा पाठ ताठ करून लगाम जवळ घ्या. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी घड्याळजी रोज संध्याकाळी तासभर श्वास सोडत बसायचे. घरी गेल्यावरही सोडायचे. बायकोला वाटलं, दादांच्या आठवणीनं उसासे टाकतायत, आणि तिनं पहिल्यांदाच त्यांना दोन दिवस टोमणा मारला नाही. तिचं अगदीच चुकत होतं असंही नाही. मास्तरांच्या अंगणातून पलीकडच्या टापा ऐकू यायच्या, आणि त्या आल्या की घड्याळजींचा श्वास न शिकवताही सुटायचा.

महिना संपला. फौजीनं तपकीर ताब्यात देताना एकच वाक्य सांगितलं. "तिला सगळं येतं, तुम्ही फक्त बसा." कोणत्या खुणेला काय करते हे सांगितलं नाही, कारण मालकाला शिकवणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. मास्तरांनी निरोप देताना पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मालक तयार झाला. आता घोडी कुठलीही द्या." कुठली आहे हे विचारलं नाही, कारण घोडीत लक्ष घालणं त्यांच्याही तत्त्वात बसत नव्हतं.

जायच्या दिवशी घड्याळजींनी दुकानाच्या घड्याळावर आपलं खिशातलं घड्याळ लावून घेतलं आणि त्याप्रमाणे बरोबर दहाला वहिनींच्या दारात गाडी उभी केली. ट्रंक चढली, वळकटी चढली, वहिनी मागे बसल्या. त्यांनी तबेल्याकडे एकदा वळून पाहिलं. तपकिरीचं अंग घासायचा दादांचा खरारा अजून खिळ्याला लटकलेला होता. तो त्यांनी उतरवून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"रस्ता पंधरा मिनिटांचा," घड्याळजी म्हणाले. "चाळीस मिनिटं हातात आहेत. निवांत बसा."

गाडी निघाली आणि बाईंच्या दारापाशी थांबली. घड्याळजींनी शिकल्याप्रमाणे लगाम सैल सोडला, खांदे पाडले, लांब श्वास सोडला. लगाम सैल पडलेला पाहून तपकिरीला वाटलं, मालक उतरला. ती खांबासारखी उभी राहिली. त्यांनी आणखी सैल सोडला. ती आणखी खांब झाली. आता अर्धा लिटर मापून व्हायची वेळही उलटून गेली, तरी ढिम्म.

बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात दुधाचं पातेलं होतं. टापा ऐकून हात आपोआप तिकडे गेला होता. पातेल्याकडे बघून त्या ओशाळल्या, मग वहिनींना बघून त्यांचे डोळे भरले. वहिनी खाली उतरल्या, दोघी बराच वेळ बोलल्या. मग कधीतरी घड्याळजींनी घाम पुसायला हात वर केला, लगाम जरा ताणला गेला आणि तपकीर निघाली. वहिनी चालत्या गाडीत कशाबशा चढल्या.

दुसरं दार, तिसरं दार, तेच. कंपाउंडर भेटला, त्याची आई भेटली, सुताराच्या घरातले सगळे ओट्यावर येऊन उभे राहिले. प्रत्येकजण दादांबद्दल एखादी गोष्ट सांगायचा. आजारपणात ते दूध आत आणून स्वतः तापवून द्यायचे. मापून झालं की वर एक धार जास्त घालायचे आणि ती सांडली असं म्हणायचे. वहिनी हसत होत्या, रडत होत्या, आणि घड्याळजी गाडीवर बसून श्वास सोडत होते. नऊ मिनिटं गेली होती आणि दारं झाली होती तीन.

चौथ्या दारापाशी त्यांचा धीर सुटला. मास्तरांचं सगळं शिक्षण विसरून त्यांनी दोन्ही हातांनी लगाम आवळला.

आणि तपकीर सुटली! चाळीस दारं कशी गेली ते कुणालाच धड दिसलं नाही. घड्याळजींनी तिला आवरायला लगाम आणखी खेचला, तशी ती आणखी पळाली. वळकटी पडली. घड्याळजींची टोपी पडली. टापा ऐकून लोक दारात यायचे, तोवर गाडी पुढे गेलेली. वहिनी एका हातानं ट्रंक धरून दुसऱ्या हातानं दोन्ही बाजूंना निरोप देत होत्या, निवडून आलेल्या उमेदवारासारख्या. एवढ्या वर्षांत त्या ह्या रस्त्यावरून गाडीत बसून कधी गेल्याच नव्हत्या, आणि आता गेल्या त्या अशा.

वळणावर फौजी उभा होता. आपली घोडी बघायला तो मुद्दाम आला होता. "शाब्बास, तपकीर," तो समाधानानं म्हणाला. समोरच्या बाजूला मास्तर उभे होते. आपला मालक बघायला तेही मुद्दाम आले होते. त्यांनी ताणलेला लगाम पाहिला आणि दोन्ही हात वर केले. "सोडा!" ते ओरडले. "लगाम सोडा, श्वास सोडा!"

महिनाभराची सवय. घड्याळजींनी सोडलं. लगाम सैल पडला आणि तपकीर एका पावलात उभी राहिली. गाडीही राहिली. घड्याळजी राहिले नाहीत. ते पुढे गेले आणि तपकिरीच्या पाठीवर आडवे जाऊन पडले. पन्नास वर्षांपूर्वी दादांनी बसवलं होतं, त्यानंतर हीच दुसरी वेळ.

"तुम्ही ह्यांच्याकडे जात होतात?" फौजी म्हणाला. त्यानं साडूकडे बघितलं नाही, नुसता अंगठा दाखवला.

"घोडी ह्यांच्याकडे होती?" मास्तर म्हणाले. त्यांनीही अंगठाच दाखवला.

घड्याळजींनी घोडीच्या पाठीवर पालथं पडूनच दोन्ही गुन्हे कबूल केले. मग एकानं सैल म्हणजे उभी असं सांगितलं, दुसऱ्यानं सैल म्हणजे चाल असं सांगितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघे साडू समोरासमोर उभे राहून थेट एकमेकांशी भांडायला लागले. ते फार आनंदात भांडत होते. घड्याळजींना जे हवं होतं ते मात्र मिळालं. यंत्राचं गुपित कळलं की कारागिराला पुढचं सोपं असतं. ते गाडीवर चढले, खिशातलं घड्याळ पाहिलं, दहा चौदा झाली होती. सव्वीस मिनिटं शिल्लक. त्यांनी लगाम बेताचा ताणला आणि तपकीर शिस्तीत चालायला लागली. भांडत भांडत दोघे साडूही मागून यायला लागले. स्टेशनचं छप्पर दिसायला लागलं. घड्याळजींची छाती फुगली. तपकीर आपली झाली म्हणून त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला ते स्टेशनबद्दल काहीबाही बोलत राहिले.

त्यांच्याच दुकानासमोर तपकीर थांबली.

हे दार त्रेचाळिसांतलं नव्हतं. इथे कधी दूध घातलं जात नव्हतं. घड्याळजींचं दूध वहिनींच्या घरून यायचं. त्यांनी लगाम ताणला. काही नाही. सैल सोडला, काही नाही. फौजीनं पुढे येऊन लगाम हातात घेतला, मास्तरांनी बाजूला उभं राहून श्वास सोडून दाखवला, मग दोघांनी रीतीची अदलाबदलही करून पाहिली. तपकीर उंबऱ्याला समांतर, भिंतीला अगदी लागून, मोठ्या घड्याळाच्या बरोबर खाली उभी होती. आणि ती वर बघत होती.

मागे वहिनी पुढे सरकून बसल्या होत्या. मांडीवरचा खरारा त्यांनी घट्ट धरला होता.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "बैठकीवर उभे राहा. काच उघडा."

"कशाला?"

"उघडा तर."

घड्याळजी उभे राहिले. दुधाच्या गाडीची बैठक आणि ते घड्याळ, दोन्हींची उंची अशी जुळली होती की तबकडी बरोबर छातीसमोर आली. वीस वर्षांत ती त्यांनी एवढ्या जवळून पाहिली नव्हती. त्यांनी काच उघडली. बिजागरी गंजलेली असायला हवी होती. ती लोण्यासारखी फिरली. कुणीतरी तेल घातलं होतं. मोठ्या काट्याचा काळा रंग एका ठिकाणी उडाला होता, खालचं पितळ चकचकीत झालं होतं. बरोबर अंगठ्याएवढी जागा.

काट्याचा रंग असा कशानं जातो हे घड्याळजींना कुणी सांगायची गरज नव्हती. रोज बोट लागल्यानं जातो. त्यांचा चेहरा पडला.

"पहिल्याच आठवड्यात ते मागे पडायला लागलं होतं," वहिनी म्हणाल्या. "रोज दहाएक सेकंद. ह्यांनी स्टेशनवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं. तोवर तुम्ही गावभर सांगून बसला होतात. हे म्हणाले, धाकट्यानं एवढ्या हौसेनं लावलंय, त्याला कशाला खाली बघायला लावायचं. स्टेशनवरून येताना रोज आधी इथे थांबायचे. मलाही बोलू दिलं नाही कधी."

घड्याळजी काट्याकडे बघत राहिले. रोज पहाटे टापा ऐकू यायच्या, मध्येच थांबायच्या आणि मग काहीतरी टक्कन वाजायचं. ते त्यांना कॅनचं झाकण वाटत आलं होतं. घर दुकानाच्या वरच होतं. अंथरुणापासून दहा हातांवर दादा रोज ह्याच बैठकीवर उभे राहून त्यांची फुशारकी खरी करून जात होते, आणि ते कूस बदलून झोपत होते.

तेवढ्यात स्टेशनात आगगाडीची शिट्टी झाली, आणि मग गाडी सुटल्याचा धडधडाट. मोठ्या घड्याळात दहा वीस झाली होती. खिशातल्या घड्याळातही दहा वीसच झाली होती.

"ही दुसरी कुठली तरी असेल," घड्याळजी क्षीण आवाजात म्हणाले.

"दहा चाळीसचीच आहे," फौजी म्हणाला, आणि मास्तरांनी मान डोलावली. भिंत आल्यापासून दोघा साडूंचं एकमत होण्याची ती पहिली वेळ.

चार महिने, रोज दहा सेकंद. घड्याळजींना हिशेब करावा लागला नाही. त्यांनी अंगठा त्या चकचकीत जागेवर ठेवला. तो तिथे बरोबर बसला. त्यांनी काटा वीस मिनिटं पुढे ढकलला आणि काच लावली. टक्कन आवाज झाला. तपकिरीनं कान हलवले आणि कुणी काही न सांगता ती चालायला लागली.

स्टेशनात वीटभट्टीवाला फाटकापाशी बसलेला होता. समोर रिकामे रूळ. घड्याळजी गाडीवरून उतरले, वहिनींना हात देऊन उतरवलं आणि खाली मान घालून उभे राहिले. पोचवलं नव्हतं ते नव्हतं. शब्द म्हणजे शब्द. त्यांनी लगाम पुढे केला.

वहिनींनी तो घेतला नाही. खरारा त्यांच्या हातात दिला.

"तुम्हाला घोडी चालवता यावी म्हणून मी अट घातली होती," त्या म्हणाल्या. "पण तुम्हालाच कुणीतरी चालवायला हवं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. रोज पहाटे तिला इथे आणा. स्टेशनचं घड्याळ बघा आणि परत जा. काच लागेपर्यंत ती तुम्हाला सोडणार नाही." मग भट्टीवाल्याला त्यांनी हात जोडले, आणि तो आला तसा परत गेला.

वहिनी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेल्या. स्टेशनवर त्या चालत आल्या, आणि पाऊण तास आधी.

इथे ही हकिगत संपायला हरकत नव्हती, पण घड्याळजींची शिक्षा अजून बाकी होती. चार महिन्यांत त्यांनी जितकी घड्याळं दुरुस्त करून दिली होती, ती सगळी दुकानाच्या वेळेवर लावलेली होती. कुणाचं दहा मिनिटं मागे, कुणाचं वीस. कंपाउंडरची नोकरी उशिरामुळे जायच्या बेतात आली होती आणि तो स्वतःच्या तब्येतीला दोष देत होता. बायको म्हणाली, "जा आता, लोकांच्या घरी जाऊन सांगा." तिनं टोपी आणून दिली आणि किल्ल्यांची पेटी गाडीत ठेवली.

घड्याळजींनी तपकिरीला जुन्या रस्त्याला लावलं. फौजीनं शिकवलेलं तिच्या अंगातून चार दिवसांत उतरलं होतं, आणि मास्तरांनी शिकवलेलं त्यांच्या अंगातून त्याआधीच. ती बाईंच्या दारापाशी आपली आपण थांबली. मग कंपाउंडरच्या, मग सुताराच्या. चौथ्याच्या, पाचव्याच्या, आणि जी दारं त्या दिवशी वाऱ्यासारखी मागे गेली होती त्या सगळ्यांच्या. कुणाकडे जायचं राहिलं असं झालं नाही. प्रत्येक दारी ती अर्ध्या लिटरला अर्ध्या लिटराइतकी आणि लिटरला लिटराइतकी थांबायची, आणि तेवढ्या वेळात घड्याळ लावून होत असे.

बाई पुन्हा पातेलं घेऊनच बाहेर आल्या. ते बघून दोघेही हसले. बाईंनी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि आतून भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं.

"काय झालंय ह्याला?" त्यांनी विचारलं.

घड्याळजींनी भिंग डोळ्याला चढवलं नाही. कुणी पाडलं असंही विचारलं नाही. "ह्याला काही झालेलं नाही बाई," ते म्हणाले. "माझंच मागे पडलं होतं."